मोजमापाचा स्पर्श

पातळ काचेच्या रिकाम्या पेल्यावर चमचा हलकेच आपटा. नाद घुमत राहील. पुन्हा आपटा आणि या वेळी लगेच कडेला बोट टेकवा. नाद तेथेच थांबेल! पेला थरथरतो आहे का, हे बोटाने पाहायला गेलात आणि बोटानेच ती थरथर संपवली.

आपल्या शाळांतील प्रात्यक्षिकांत या गोष्टीचा उच्चारही होत नाही, ही माझी तक्रार आहे. शून्यांक दोष विद्यार्थी घडाघडा सांगतात. उपकरण लावल्यामुळे मूळ वस्तूतच काय फरक पडला, हे त्यांना कोणी विचारीत नाही.

काचेच्या पट्टीतील श्राव्यातीत लहरींचेच पाहा. सेकंदाला २०,००० हून अधिक कंपने असल्याने त्या कानांना कळत नाहीत. काचेतून त्या सेकंदाला सुमारे साडेपाच किलोमीटर वेगाने धावतात. त्या टिपण्यासाठी स्फटिकाचा शोधक काचेला तेल किंवा ग्रीज लावून दाबून बसवतात. तेल कशाला? कारण काचेतील लहर हवेपाशी पोहोचली की तिची जवळजवळ सगळी ऊर्जा मागे परतते. दोन सपाट काचा कोरड्याच एकमेकींवर ठेवल्या, तरी त्या प्रत्यक्षात थोड्याशा सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात. दाब वाढवला की टेकण्याची जागा वाढते व अधिक ऊर्जा पलीकडे जाते. म्हणजे शोधक किती जोराने दाबला, यावरही वाचन ठरणार. पेल्यावरचे बोटच ते!

येथे प्रकाश उपयोगी पडतो. लहर जाताना काच जागोजागी किंचित दाटते व विरळ होते. त्याबरोबर तिचा वक्रीभवनांक बदलतो. हे पट्टे प्रकाशाला बारीक जाळीसारखे भासतात आणि पडद्यावर मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना आणखी ठिपके उमटतात. त्यांच्या अंतरावरून तरंगलांबी मिळते, प्रखरतेवरून लहरीचा जोर कळतो. द्रवांमध्ये हे १९३२ साली अमेरिकेत डिबाय व सीअर्स यांनी आणि फ्रान्समध्ये ल्यूका व बिकार यांनी दाखविले. त्याची गणिती उकल १९३५-३६ मध्ये बंगळूर येथे चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी केली. रामन परिणाम आपल्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. या कामाचे नाव मात्र क्वचितच कानी पडते.

आता पट्टीवर दुसरी काच दाबा आणि त्या जागेच्या अलीकडे व पलीकडे प्रकाशाने लहर पाहा. जोर जो घटला, तो त्या काचेच्या स्पर्शामुळे, मोजणाऱ्याच्या नव्हे.

प्रकाशालाही मर्यादा आहेत. अपारदर्शक पोलादातून तो आरपार जाणार नाही. तेथे कारखान्यातील तंत्रज्ञ ग्रीज लावून शोधकच टेकवतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्याला फक्त तडा शोधायचा असतो. पण आपण काय टेकवले, हे त्याला माहीत असते.

शिक्षकांना माझी सूचना एवढीच, की प्रयोगवहीत 'निष्कर्ष' लिहिण्यापूर्वी 'उपकरणाने काय बदलले?' असा एक रकाना आखून घ्यावा. सुरुवात परीक्षानळीतल्या चमचाभर गरम पाण्यापासून करता येईल. त्यात थंड तापमापक बुडवायचा आणि तो दाखवतो ते तापमान कोणाचे, हे मुलांना विचारायचे.