किहीम-चोंढीची धूळ डंपरच्या इंजिनात. फिल्टरचा खर्च मात्र गाडीमालकाच्याच माथी

किहीम (ता. अलिबाग) : एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे आंब्याचा आणि पाहुण्यांचा हंगाम. तसाच तो डंपरचाही हंगाम असतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की माती-भरावाची कामं थांबतात, म्हणून त्याआधी मिळतील तेवढ्या खेपा मारायची सगळ्यांची घाई. मार्च 2020 मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. आवास, सासवणे, झिराड, चोंढी, किहीम या पट्ट्यात बंगल्यांची कामं जोरात आहेत. मुरूम, माती, खडी, क्रश सँड, सगळं डंपरनंच येतं.

या धंद्यात आपल्याच गावांतली पोरं आहेत. कुणी जमिनीचे पैसे घातले, कुणी कर्ज काढून गाडी घेतली. डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार आणि बँकेचा हप्ता यांचा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ असतो. धुळीचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. इंजिनकाम निघालं की तो एकदमच समोर येतो.

इंजिन किती हवा खातं?

साधं गणित करू. सहा लिटरचं डिझेल इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे फिरतं आणि दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा ओढतं. म्हणजे मिनिटाला साधारण साडेचार हजार लिटर हवा, तीही टर्बोचा जोर न धरता. असं आठ तास चाललं तर आकडा वीस लाख लिटरच्या वर जातो. ही हवा समोरच्या डंपरच्या चाकाखालून उडालेल्या धुळीतून येते, आणि तिच्या व इंजिनाच्या मध्ये असतो फक्त एक कागदी एअर फिल्टर.

आपल्या मातीतली बारीक कचकच लायनर आणि पिस्टनच्या रिंगांवर पॉलिश पेपरसारखी घासते. आधी पिकअप कमी होतो, मग इंजिन ऑइल खायला लागतं, मग धूर. टर्बोची पातीही झिजतात. धूळ खाल्लेल्या इंजिनाला कंपनीची वॉरंटी सहसा मिळत नाही, कारण दोष देखभालीचा धरला जातो.

जास्त काळजीही महागात पडते

धुळीच्या दिवसांत बरेच चालक रोज संध्याकाळी फिल्टर काढतात, टायरवर आपटतात आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं जोरात फुंकतात. हेतू चांगला असतो, पण नुकसान इथेच होतं. जोराच्या हवेनं कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. आपटल्यानं कड वाकते आणि रबरी सील नीट बसत नाही. शिवाय दर वेळी झाकण उघडलं की थोडी धूळ आतल्या स्वच्छ बाजूला जातेच.

दुसरी गोष्ट अनेकांना पटत नाही, पण ती खरी आहे. थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा धूळ जास्त चांगली अडवतो, कारण कागदावर बसलेला थरच पुढची बारीक धूळ धरतो. म्हणून फिल्टर काळा दिसला म्हणून उघडायचा नाही. बहुतेक अवजड गाड्यांना फिल्टरजवळ इंडिकेटर किंवा डॅशबोर्डवर दिवा असतो. तो लाल झाला की हात लावायचा. इंडिकेटर तुटलेला असेल तर आधी तो बसवून घ्या.

मग करायचं काय?

रोज सकाळी फिल्टरच्या डब्याखालची रबरी चोच दाबून साठलेली धूळ पाडा. ती फाटली असेल तर लगेच बदला. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होसपाइप आणि क्लॅम्प हातानं तपासा. खाऱ्या हवेत क्लॅम्प लवकर गंजतात, आणि सैल क्लॅम्पमधून शिरलेली धूळ फिल्टरला वळसा घालून थेट आत जाते.

इंडिकेटर लाल झाल्यावर नवा फिल्टर टाकणं सगळ्यात उत्तम. काही कंपन्या साफ करायला पूर्ण मनाई करतात, त्यामुळे गाडीचं पुस्तक बघा. परवानगी असेल तर हवेचा दाब कमी ठेवा, 30 पीएसआयच्या आत, आणि आतून बाहेर फुंका. मग अंधारात फिल्टरच्या आत बॅटरी धरा. उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर फेकून द्या. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही. डबा आतून ओल्या फडक्यानं पुसा, हवेनं फुंकू नका. आतला छोटा फिल्टर कधीच साफ करत नाहीत, ठरल्या वेळी बदलतात.

डिझेलचीही काळजी घ्या. आपल्याकडे पारा विदर्भासारखा चढत नाही, पण हवा दमट असते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत पाणी धरतं. शक्य असेल तर संध्याकाळीच टाकी भरा आणि सकाळी वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा. नवा डिझेल फिल्टर बसवताना त्यात डबड्यातलं डिझेल ओतू नका, हातपंपानं चढवा. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचे चांगल्या रस्त्याचे किलोमीटर साइटवरच्या गाडीला लागू नाहीत. पुस्तकात खडतर कामासाठी वेगळा तक्ता असतो, तो धरा. रेडिएटरच्या जाळीतली माती काढत राहा, नाहीतर उन्हात गाडी तापणारच.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांना तर हे जास्तच लागू आहे. एअर फिल्टर तुंबला की काजळी वाढते, आणि ती सायलेन्सरच्या बाजूच्या डीपीएफ फिल्टरमध्ये जाऊन बसते. तो एअर फिल्टरपेक्षा कितीतरी महाग आहे.

खरा प्रश्न रस्त्याचा आहे

एवढं सगळं केलं तरी एक प्रश्न उरतो. ही धूळ तयार कोण करतं आणि पैसे कोण भरतं? भाडं खेपेवर ठरतं. खेपा वाढवायच्या तर गाडी पळवायला लागते. गाडी पळाली की धूळ वाढते, आणि मागच्या गाडीचा फिल्टर लवकर तुंबतो. साइटपर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर पाणी मारायचा टँकर बहुतेक वेळा कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. तो वाचलेला पैसा शेवटी गाडीमालकाच्या फिल्टरमधून आणि इंजिनातून वसूल होतो.

आणि गाडीला निदान फिल्टर आहे. रस्त्याकडेच्या घरात वाळत घातलेल्या मासळीला, शाळेत चालत जाणाऱ्या मुलांना, नाक्यावरच्या टपरीवाल्याला तोही नाही. देशाच्या मानकांनुसार हवेतली पीएम-10 ही बारीक धूळ 24 तासांच्या सरासरीत घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. डंपर गेल्यावर समोरचं घर दिसेनासं होतं, तिथे ही मर्यादा पाळली जाते का, हे एकदा मोजून बघायला हवं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचं काम 2011 मध्ये सुरू होऊन दशकाहून जास्त रेंगाळलं. त्या काळात वडखळ, पेण, नागोठणेकरांनी किती धूळ खाल्ली, हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे.

उपाय अवघड नाहीत. भरलेल्या गाडीवर ताडपत्री, वस्तीत वेग कमी, दोन डंपरमध्ये धूळ खाली बसेल एवढं अंतर, आणि कच्च्या रस्त्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी. त्यासाठी विहिरींचं गोडं पाणी मात्र नको, मे महिन्यात ते गावाला प्यायला लागतं. पाणी कुठून आणायचं हे ठेकेदारानं काम घेतानाच सांगावं.

गाडीमालकांनी भाडं ठरवताना टँकरची अट एकत्र घालावी. एकट्यानं घातली तर काम दुसऱ्याला जातं, सगळ्यांनी घातली तर ठेकेदाराला ऐकावं लागतं. ग्रामस्थांनी ग्रामसभेत ठराव करून तो तहसीलदारांकडे द्यावा, कारण गौण खनिजाचे परवाने आणि वाहतूक पास महसूल खात्याकडूनच मिळतात. या मागणीत डंपरवाला आणि ग्रामस्थ एका बाजूला आहेत. एकमेकांशी भांडण्यात दोघांचंही नुकसान आहे. पुढच्या हंगामाची कामं दिवाळीनंतर सुरू होतील, त्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर वेळेत होईल.