चिकटत नाही, तर तसं समोर लिहा!



गेल्या आठवड्यात आमच्या बादलीचा कान तुटला. कडी जिथे अडकते, तो कान. बादली धड, कडी धड. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा भरून ठेवायच्या बादलीची किंमत तुम्हाला काय सांगू! झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब आणली. जागा पुसली, वाळवली, कान चिकटवला, रात्रभर हात लावला नाही. सकाळी उचलली तर कान हातात आणि बादली पायावर. दुकानदार म्हणाला, "काकू, तुम्ही नीट लावलं नसेल." घरातून सल्ला आला, "फेकून द्या, नवी आणा."

मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब केल्याशिवाय काही फेकत नाही. चार ट्यूब संपल्या, दोन बोटं एकमेकांना चिकटली, कान होता तिथेच. मग भिंग घेऊन पाकीट वाचलं. समोर मोठ्या अक्षरात सगळं जोडायचं वचन. मागे मुंगीएवढ्या इंग्रजीत लिहिलेलं, पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनवर चालत नाही.

आता तुमची बादली उलटी करून बघा. बुडाला बाणांच्या त्रिकोणात आकडा असेल. 2 किंवा 4 म्हणजे पॉलिथिलीन, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बादल्या, मग, स्वयंपाकघरातले डबे, झाकणं बहुतेक यांचीच. या प्लास्टिकवर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो. गोंदाचंही तेच होतं. पसरल्याशिवाय तो धरणार कसा? वरच्यावर वाळतो आणि नखाने खपलीसारखा निघतो. बोटाला मात्र घट्ट बसतो, कारण तो ओलाव्यानेच आवळतो.

गंमत बघा. या गोंदाचं मूळ द्रव्य 1942 साली अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या हाती लागलं. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे जिथे तिथे चिकटतं म्हणून तेव्हा बाजूला ठेवलं. 1958 साली ते बाजारात आलं. जिथे तिथे चिकटणारं हे द्रव्य, पण आमच्या बादलीला नाही!

म्हणजे दोष तुमच्या हाताचा नाही, बायांनो. गोंद वाईट नाही, बादलीही वाईट नाही. माझ्या गुडघ्यांना हलकी बादलीच परवडते. राग आहे तो लपवाछपवीचा. जे समोर लिहायला हवं ते मागे, तेही आपल्याला न वाचता येणाऱ्या अक्षरात. गोंदवाला ट्यूब विकतो, बादलीवाला नवी बादली विकतो, आणि सुटा कान कोणीच विकत नाही.

एक जपा. सांडलेला हा गोंद कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. सुताला लागला की एकदम तापतो, चटका बसतो.

माझी बादली अखेर सुईने वाचली. तापवलेल्या सुईने कानाला आणि बादलीला भोकं पाडली आणि बारीक तारेने टाके घातले. हे प्लास्टिक उष्णतेने वितळतं, म्हणून पूर्वी दारावर येणारे लोक तापल्या लोखंडाने बादलीला डाग देऊन जायचे. आता ते येत नाहीत, कारण आपणच फेकायला शिकलो.

आणि आता रागावू नका, पण आपल्यालाही बोलणार आहे. व्याख्यानात अपरिग्रह ऐकायचा, आणि बाहेर पडताना प्रभावनेत हातात काय, तर प्लास्टिकचा डबा! बिजागरी सहा महिन्यांत तुटते, आणि मग डबा उकिरड्यावर जळतो. त्या धुरात कोणत्या जिवाची दया आहे? "स्टील महाग पडतं," असं म्हणाल. मग कमी वाटा, खोबऱ्याची वाटी द्या, वही द्या. प्रभावनेचं मोल नगांवर कधीपासून ठरायला लागलं?

गोंदवाल्यांना माझं एकच सांगणं आहे. ज्याला चिकटत नाही त्याचं नाव समोर, मराठीत, ठळक लिहा. आणि तुम्ही पुढची ट्यूब आणण्याआधी बादली उलटी करा. आकडा 2, 4 किंवा 5 असेल, तर ते पैसे तारेवर खर्च करा.