मानद खजिनदार

लालबागच्या आमच्या कबड्डी मंडळाच्या लेटरहेडवर सात नावं होती आणि प्रत्येक पदामागे एकच विशेषण होतं: मानद. मानद सचिव, मानद खजिनदार. या शब्दाचा खरा अर्थ आम्हा पदाधिकाऱ्यांच्या बायकांना विचारावा. संध्याकाळी सहाला बँकेतून सुटलेला माणूस रात्री दहाला घरी येणार, तोही लाल मातीचे पाय घेऊन, आणि महिनाअखेरीला पाकिटातले शंभर रुपये कुठे गेले ते सांगणार नाही!

महाराष्ट्रातली कबड्डी अशाच माणसांनी उभी केली. गावोगाव हुतूतू म्हणून खेळला जाणारा हा खेळ नियमांत बसला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये करून दाखवला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत भारताने त्यात सुवर्णपदक मिळवलं. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून साजरा करतो. मंडळ जिल्हा संघटनेला संलग्न, जिल्हा राज्याला, राज्य राष्ट्रीय महासंघाला, अशी ही उतरंड. तिच्या अगदी तळाला हातात पाण्याचा पाइप धरलेला एक माणूस असायचा. मातीचं मैदान भिजवावं लागतं. चार दिवस हयगय केली की पोरांची कोपरं सोलून निघतात.

मंडळ खेळाडूला पैसे देत नसे. त्याचा मोबदला म्हणजे नोकरी. रेल्वे, बँका, मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूंना भरती करून घेत. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात ज्या घरचा पगार बंद झाला, त्या घरातल्या पोराला चढाई येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. संघ निवडायच्या रात्री आया मंडळाच्या दाराशी येऊन उभ्या राहत. बोलत काही नसत. फुकट काम करणाऱ्या माणसाच्या हातात केवढी सत्ता असते, ते मी तिथे पाहिलं.

आमच्या सचिवांना सगळे अण्णा म्हणत. ते गिरणीत जॉबर होते. संपात नोकरी गेली, मैदान मात्र सुटलं नाही. १९८७ च्या स्पर्धेचा जमाखर्च मांडताना ६४० रुपयांची पावती सापडेना. व्हाउचरवर नुसतं 'किरकोळ'.

"अण्णा, हे कशाचे?"

"वीस वर्षं मैदान भिजवतोय. कधी चहाचे पैसे मागितले?"

"तसं नाही अण्णा. ऑडिट धर्मादाय आयुक्तांकडे जातं."

"मग लिही, अण्णाने खाल्ले."

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ६४० रुपये माझ्यापुढे आणून ठेवले, मोजून. वर मंडळाच्या पेटीची किल्ली. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. नोकरी नसलेल्या माणसाने रातोरात एवढे पैसे कुठून आणले, हे विचारायचं मला सुचलं नाही. की सुचलं, पण धीर झाला नाही?

हिशेबाने मी बरोबर होतो. आजही तसंच म्हणेन. फुकट राबणाऱ्याला हिशेब विचारायचा नाही, ही आपल्याकडची रीत मला कधी पटली नाही. किती क्रीडा संघटनांत एकच गृहस्थ वर्षानुवर्षं खुर्ची अडवून बसतात, ते याच भांडवलावर: 'मी काही घेतो का?' पैसे घेत नसतील, जागा तर घेतात! पंचाईत अशी, की मैदान भिजवणाऱ्या अण्णांचं आणि खुर्ची अडवणाऱ्याचं बोलणं शब्दशः एकच असतं. वेगळं ओळखायचं ते कसं? मला त्या रात्री ते जमलं नाही. मैदान मी आठवडाभर भिजवलं, मग बँकेचं क्लोजिंग आलं. पोरांची कोपरं त्या महिन्यात बरीच सोलली.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग आली. लिलावात खेळाडूंवर लाखांच्या आणि पुढे कोटीच्याही बोली लागल्या. याचा मला आनंदच आहे; ज्याच्या गुडघ्यावर खेळ चालतो त्याला पैसा मिळावा. मात्र तो पोरगा त्याआधी दहा वर्षं कुठल्या तरी मंडळात फुकट शिकलेला असतो. ती दहा वर्षं कुठल्या रकान्यात मांडायची, हे जमाखर्चात जन्म घालवूनही मला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात मंडळातल्या एका तरुणाचा फोन आला. "काका, पुन्हा खजिनदार व्हाल का? कोणी तयारच होत नाही."

मी विचारलं, "मैदान कोण भिजवतं?"

तो हसला. "आता मॅट आहे, काका."

"रात्री गुंडाळतं कोण ती?"

"सध्या मीच."

रविवारी पासबुक आणि पावतीपुस्तकं घेऊन त्याला घरी बोलावलं आहे.