मानवंदना स्तंभाला, हक्क सैनिकाला

१ जानेवारी जवळ आली की वैजापूर तालुक्यातील तरुणांमध्येही भीमा कोरेगावला जाण्याची चर्चा सुरू होते. १८१८ च्या लढाईत धारातीर्थी पडलेल्या २२ महार सैनिकांची नावे तेथील विजयस्तंभावर कोरलेली आहेत. पण स्तंभ उभारणाऱ्या ब्रिटिशांनीच १८९० च्या दशकात ‘लढाऊ जाती’चे कारण पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभाला अभिवादन केले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह केला. पुढे १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

म्हणजे शौर्याचे कौतुक झाले, म्हणून हक्क आपोआप मिळाले नाहीत. त्यासाठी लढावे लागले. आज अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना सैन्यात कायम ठेवण्याची तरतूद आहे. बाकीचे पेन्शनविना घरी परततील. यात आपलीही पोरे आहेत. तेव्हा स्तंभाला मानवंदना जरूर द्या. पण परतल्यावर गावातील माजी सैनिक आणि वीरपत्नींना भेटा. त्यांचे रखडलेले अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्या, पाठपुरावा करा.

जय भीम!