पैसे धाडण्यापूर्वी

गेल्या महिन्यात एका घरगुती कामासाठी आम्हांस ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. तेथील लष्कर भागात जयेंद्रगंज नावाची दुकानांनी गजबजलेली वस्ती आहे. तीत आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे घर आहे. स्नेही आता हयात नाहीत. त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणतो. शाळेतील नोकरीतून निवृत्त झालेल्या या वहिनी मुलगा, सून व नातवासह तेथे राहतात. घर मराठी, पण कैक पिढ्या तिकडेच गेलेल्या. त्यामुळे बोलता बोलता हिंदी मध्येच डोकावते आणि कोणास त्याचे काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत बसलो असता वहिनींचा फोन वाजला. ‘जी, बोल रही हूँ,’ एवढे म्हणून त्या ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरलेला आम्ही पाहिला. मग त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दाराला कडी लावली. परक्याच्या घरातील खाजगी गोष्टीत आपण नाक खुपसू नये, या शिष्टाचाराने आम्ही वर्तमानपत्र उघडले व वाचीत बसलो. अर्धा तास असाच गेला. वाचकहो, त्या अर्ध्या तासाबद्दल आम्ही आजही स्वतःला क्षमा केलेली नाही.

सूनबाई भाजी घेऊन परतल्या आणि त्यांनी दार ठोठावले. आतून ‘जरा कामात आहे’ असे दबलेल्या आवाजात उत्तर आले. सूनबाई आमच्याहून शहाण्या निघाल्या. ‘आई, आधी दार उघडा,’ असा त्यांनी हट्टच धरला. दार उघडले तेव्हा पलंगावर बँकेचे पासबुक पसरलेले होते, आणि फोनच्या पडद्यावर खाकी गणवेशातील एक मनुष्य, पाठीमागे राजमुद्रा लावून, मोठ्या रुबाबात बसला होता. ‘आप बीच में मत बोलिए,’ असे तो सूनबाईंवर गुरकावला. त्यांनी फोन बंद केला.

तोवर ४८,००० रुपये गेले होते. वहिनींच्या आधारकार्डावर कोणी तरी सिमकार्ड घेतले, त्या सिमवरून गुन्हा घडला, अटकेचा हुकूम निघाला आहे, आणि चौकशी संपेपर्यंत सर्व रक्कम ‘सरकारी खात्यात’ ठेवावी लागेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. पुढची आज्ञा अशी होती की बँकेत जाऊन मुदतठेव मोडावी, आणि कारकुनाने विचारल्यास घराच्या दुरुस्तीसाठी पैसे हवेत असे सांगावे.

‘मी जन्मभर मुलांना गणित शिकवले हो,’ वहिनी म्हणाल्या, ‘आणि मला एवढा हिशेब कळू नये? पण कोणाला सांगितलेत तर मुलालाही धरू, असे ते बजावत होते. मग मी कशी सांगणार?’

या शेवटच्या वाक्याशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. ते आम्हांस फार मोलाचे वाटते. लोभी मनुष्य फसतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि दागिने दुप्पट करून देणाऱ्या बुवांच्या गोष्टी सांगताना आम्हीही तेच म्हणत होतो. ते शब्द आम्ही मागे घेतो. या घरात लोभाचा लवलेश नव्हता. होते ते मुलावरचे प्रेम व कायद्याचे भय, आणि चोराने नेमक्या या दोन चांगल्या गोष्टींनाच हात घातला.

ग्वाल्हेरच्या लोकांस हा प्रकार नवा नाही. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये तेथील रामकृष्ण मिशनच्या आश्रमाचे सचिव असलेल्या संन्याशांना असाच फोन आला होता. बोलणाऱ्याने आपण नाशिकचे पोलीस असल्याचे सांगितले, काळ्या पैशाच्या खटल्यात त्यांचे नाव गोवले, आणि सुमारे २६ दिवस त्यांना फोनच्या पहाऱ्यात ठेवून आश्रमाचे २ कोटी ५२ लाख रुपये निरनिराळ्या खात्यांत भरावयास लावले. संसार सोडलेला, सुशिक्षित, लोकांत वावरणारा पुरुष! त्यांना हसण्याचे धाडस कोणी करू नये. २६ दिवसांत एकदा जरी त्यांनी शेजारच्या माणसाला विश्वासात घेतले असते तर डाव तेथेच मोडला असता, आणि हे चोर पक्के जाणतात. म्हणूनच पैसे मागण्याआधी ते मौन मागतात.

त्या संध्याकाळी मन रमेना म्हणून आम्ही लष्करच्या सराफ्यातून एक फेरी मारली, आणि तेथे हुंडीची आठवण झाली. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून हे लष्कर शहर उभे राहिले. त्या काळी पुण्याहून उत्तरेस आणि उत्तरेहून पुण्यास मोठ्या रकमा जात त्या बहुधा हुंडीनेच. वाटेत पेंढारी होते, ठग होते, नद्यांचे पूर होते. रोकड कोण नेणार? एका पेढीवर पैसे भरावे, चिठ्ठी घ्यावी, आणि दूरच्या पेढीवर ती वटवावी. पण ती चिठ्ठी कशी लिहीत ते पाहण्यासारखे आहे. रक्कम आकड्यांत लिहीत, मग अक्षरांत लिहीत, आणि एवढ्याने समाधान न होऊन तिची निमपटही लिहीत: रुपये पाचशे, ज्यांचे निमे अडीचशे, त्यांचे दुप्पट. एका शून्याची भर घालून पाचशेचे पाच हजार करण्याची सोयच उरू नये म्हणून ही काळजी.

त्यातही शहाजोग म्हणून जी हुंडी असे तिची रीत आम्हांस फार आवडते. तिचे पैसे कोणा वाटसरूला मिळत नसत. ते बाजारातील एखाद्या शहाला, म्हणजे अब्रूदार आणि सर्वांच्या ओळखीच्या व्यापाऱ्यालाच मिळत. पैसे देणारा चौकशी केल्याशिवाय देत नसे, आणि हुंडी पुढे खोटी ठरली तर पैसे घेणाऱ्या शहाला ते व्याजासह परत करावे लागत. अर्थात देणारा व घेणारा यांच्यामध्ये एक तिसरा मनुष्य उभा असे, आणि त्याची अब्रू पणाला लागलेली असे.

पुढे १८८० मध्ये टपालखात्याची मनिऑर्डर आली. आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांस ती चांगली आठवत असेल. मुंबईच्या गिरणीतून, बोटीवरून किंवा साहेबाच्या स्वयंपाकघरातून मुलाने धाडलेले पैसे पोस्टमन दारात आणी, खालच्या तुकड्यावरचा चार ओळींचा मजकूर वाचून दाखवी, आजी अंगठा उठवी, आणि त्या अंगठ्याला साक्षीदाराची सही लागे. मग पोचपावती परत मुलाकडे जाई. या सर्वाला आठवडा लागे, आणि त्या दिरंगाईची आपण थट्टाही केली. पण त्या दिरंगाईत चार डोळे त्या पैशांवरून फिरून जात, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

२०१६ पासून यूपीआय आले आणि आठवडा पळभरावर आला. ही सोय मोठी आहे. तिला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. शेतातला मनुष्य शेतात उभा राहून मुलीच्या वसतिगृहाची फी भरतो, हे काय थोडे झाले? मात्र मधला शहा नाहीसा झाला, पोस्टमन नाहीसा झाला, साक्षीदारही नाहीसा झाला. आता ज्याच्या हाती फोन, तोच शहा आणि तोच साक्षी. म्हणून आम्ही आमच्या घरापुरती एक रीत पाडली आहे: अनोळखी ठिकाणी जाणारी, किंवा घाईने मागितलेली कोणतीही रक्कम घरातील दुसऱ्या माणसाला मोठ्याने सांगितल्याशिवाय धाडावयाची नाही. घरात दुसरे कोणी नसेल तर शेजारी आहेत, शाळेचे मास्तर आहेत, धर्मग्रामाचे फादर आहेत. सांगायला दोन मिनिटे लागतात. जो त्या दोन मिनिटांची सवड देत नाही, त्याला पैसे देऊ नयेत.

फादरांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. धर्मगुरूंचे छायाचित्र लावून बनावट खाते उघडावे आणि ‘मी मिस्सेत आहे, बोलता येत नाही, एका रुग्णासाठी तातडीने दहा हजार धाडा,’ असा निरोप भाविकांस पाठवावा, ही चाल आता पुष्कळ ठिकाणी खेळली जाते. येथेही ‘बोलता येत नाही’ हीच मेख आहे. आपल्याजवळ असलेल्या जुन्या क्रमांकावर फादरांना फोन करावा, नाही तर सरळ सायकल काढून त्यांच्या दारी जावे. परदेशी असलेल्या मुलाच्या आवाजाची नक्कलसुद्धा आज यंत्राने करता येते. त्याने रडत रडत पैसे मागितले तर घरच्यांनाच ठाऊक असलेला एखादा प्रश्न विचारावा: गोठ्यातल्या पहिल्या गाईचे नाव काय? खऱ्या मुलाला त्याचा राग येणार नाही.

आता थोडे व्यवहाराचे. पैसे घेण्यासाठी पिन घालावा लागत नाही. पिन हा केवळ धाडण्यासाठी असतो. ‘तुमची म्हैस विकत घेतो, बयाणा पाठवतो, हे चित्र स्कॅन करून पिन दाबा,’ असे म्हणणारा बयाणा देणारा नव्हे, नेणारा होय. ओटीपी बँकेलाही सांगावयाचा नसतो. कोणाच्या सांगण्यावरून फोनमध्ये नवे ॲप बसवू नये, कारण काही ॲपांमुळे आपला पडदा समोरच्याला जसाच्या तसा दिसतो. बँकेचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर शोधण्यापेक्षा पासबुकावरचा किंवा कार्डाच्या पाठीवरचा पाहावा. नव्या खात्यावर मोठी रक्कम धाडण्यापूर्वी एक रुपया धाडावा आणि तो मिळाला का, हे त्या माणसाला फोनवर विचारावे. पडद्यावर उमटणारे नाव डोळे उघडे ठेवून वाचावे. रिझर्व्ह बँकेने एनईएफटी व आरटीजीएसमध्येही खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास बँकांना सांगितले होते, ती याचसाठी. परंतु नाव जुळले म्हणजे मनुष्य सज्जन, असे मात्र नाही.

‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात कोठेही नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात हे स्वतः सांगितले, आणि २०२५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपविला. अटक करावयाची तर पोलीस स्वतः दारात येतात. फोनवरून कोणी अटक करीत नाही आणि जामीनही देत नाही. (फसवणुकीला आपण चारशेवीस म्हणतो, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तिचे कलम ३१८ झाले. चोरांचा आकडा बदलला, धंदा तोच राहिला.)

एक गोष्ट तरुणांच्या आईबापांनी कान देऊन ऐकावी. हे चोरलेले पैसे जातात कोठे? चोराच्या स्वतःच्या खात्यात नव्हे. ते जातात कोणा गरीब घरच्या मुलाच्या खात्यात, ज्याने पाच-दहा हजारांच्या आशेने आपले पासबुक, कार्ड व सिम ‘महिनाभर’ दुसऱ्याच्या हाती दिलेले असते. पोलीस माग काढीत येतात ते प्रथम या मुलाच्या दारी, आणि तेव्हा ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर त्याला सहजी सोडवीत नाही. आपल्या गावात असा व्यवहार सांगत कोणी फिरत असेल तर मुलाला दटावून थांबू नका. ते खाते बँकेत जाऊन बंद करा.

आणि पैसे गेलेच तर? वहिनींच्या घरी जे झाले तेच सांगतो. त्यांना रडू आवरत नव्हते. सूनबाईंनी रडण्यास मनाई केली नाही, पण एका हाताने पाण्याचा पेला पुढे केला आणि दुसऱ्या हाताने १९३० हा क्रमांक फिरविला. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक आहे व तो देशभर चालतो. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम त्यांनी सांगितली. मग मुलगा बँकेत गेला व पोलिसांच्या सायबर शाखेत लेखी तक्रार दिली. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवितात. आपण जितके लवकर कळवू तितके ते वाटेतच अडविता येण्याची आशा अधिक. वहिनींच्या ४८,००० पैकी १९,००० पुढच्या खात्यात अडकले. ते परत मिळण्यासाठी अर्ज चालू आहे. उरलेल्यांची आशा त्यांनी सोडली आहे. तुमचे पैसे सोडवून देतो, थोडी फी आधी भरा, असे सांगणारे दोन फोन नंतर आले, ते मात्र सूनबाईंनी घेतले.

सर्वांत कठीण गोष्ट तक्रारीची नव्हती, लाजेची होती. ‘गल्लीत कोणास सांगू नका,’ असे वहिनी दोन दिवस म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू आल्या असता त्यांनी आपण होऊन सर्व सांगितले. काकू गप्प झाल्या, आणि मग त्यांनी सांगितले की गेल्या पावसाळ्यात त्यांचेही तीस हजार असेच गेले, आणि त्यांनी आपल्या यजमानांनासुद्धा ते कळू दिलेले नव्हते.

आमच्या परतीच्या गाडीचे तिकीट वहिनींच्या मुलाने काढले होते आणि तेथे असताना कोणी त्याचे पैसे घेईनात. घरी पोचल्यावर आम्ही वहिनींच्या खात्यावर प्रथम एक रुपया धाडला. पाचच मिनिटांत फोन आला. ‘एक रुपया आला आहे. धाडणारे तुम्हीच ना? मग सांगा बरे, आमच्याकडे चहा कशातून घेतलात?’

‘पितळेच्या पेल्यातून,’ आम्ही म्हणालो, ‘आणि साखर फार होती.’

‘बरे, धाडा मग,’ वहिनी म्हणाल्या. आणि मागून सूनबाईंचे हसणे आम्हांस ऐकू आले.