गोरेपणाची किंमत मूत्रपिंडांनी का मोजायची?

उन्हाळ कांद्याची काढणी आणि लग्नसराई आमच्या नामपूर परिसरात एकदमच येतात. मोसम खोऱ्यात दिवसभर उन्हात राबणाऱ्या मुलीला संध्याकाळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘अगं, काळवंडलीस. पाहुणे पाहायला येणारेत, ती ट्यूब लाव, आठ दिवसांत उजळशील.’ माझ्या नात्यातल्या एका मुलीनं असाच सल्ला मानला. चेहरा उजळलाही. पण ट्यूब थांबवताच गाल लालभडक झाले, उन्हात गेलं की आग होऊ लागली, हनुवटीवर लव वाढली. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब पाहून निदान केलं: यात स्टेरॉइड आहे.

बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडं इसब, सोरायसिससारख्या आजारांवरची औषधं आहेत. डॉक्टर ती मोजके दिवस आणि नेमक्या जागी लावायला सांगतात. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळली की कातडी पातळ होते, मुरमं उठतात आणि ट्यूब सोडणंच अवघड होऊन बसतं. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही पावडर, लिपस्टिकच्या जोडीला ती सहज मागितली जातात आणि दिलीही जातात.

गोरेपणाच्या काही क्रीममध्ये असणाऱ्या पाऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होण्याची क्रियाच पारा रोखतो, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. मग लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पाय आणि चेहरा सुजतो. अकोल्यातल्या एका घरात तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा तिघी वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण तपासले. त्यांतले १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते.

परदेशात याच्या उलट हौस आहे. तिथं कातडी सावळी दिसावी म्हणून लोक अतिनील दिव्यांच्या पलंगावर पडून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ मध्ये या पलंगांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. ब्राझीलनं त्याच वर्षी, तर ऑस्ट्रेलियानं पुढं काही वर्षांत या व्यवसायावर बंदी घातली. पलंग अवजड असतो, दुकानात मांडावा लागतो, म्हणून कायद्याला सापडतो. ट्यूब मात्र पर्समधून घरोघरी फिरते. तिच्यावर नजर घरातल्यांनीच ठेवायला हवी.

काय करता येईल? डब्यावर उत्पादकाचा पत्ता, घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक नसेल, परदेशी मालावर नोंदणी क्रमांक नसेल, तर तो घेऊ नका. ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘कॅलोमेल’ असं लिहिलं असेल तर नकोच. क्रीम लावणाऱ्या बाईच्या अंगावर सूज आली किंवा लघवीला फेस दिसला, तर क्रीम थांबवा, लघवीची तपासणी करा आणि डॉक्टरांना ती ट्यूब दाखवा. स्टेरॉइडची ट्यूब मात्र त्वचारोगतज्ज्ञांना विचारून सोडा, कारण एकदम सोडल्यानं चेहरा भडकतो.

उन्हासाठी जुने उपाय पुरेसे आहेत. काढणीला भल्या पहाटे जा, दुपारचं ऊन टाळा, सुती स्कार्फ आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. परवडत असेल तर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. उन्हानं रापलेला रंग ऊन टाळलं की काही आठवड्यांत आपोआप उतरतो. जन्माचा रंग उतरवायची गरजच नाही, ते मेलॅनिनच अतिनील किरणांपासून आपलं रक्षण करतं.

मुलामुलींच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे: यंदा स्थळ पाहताना वर्णाचा प्रश्न विचारू नका आणि कुणी विचारला तर उत्तर देऊ नका. ही मागणी थांबली, तरच या ट्यूबा थांबतील.