भूगर्भातील विजेचा हिशेब

भूगर्भातील उष्णतेपासून मिळणारी वीज सर्वस्वी निर्मळ असते, असा समज आपल्याकडे रूढ होऊ पाहत आहे. २०२१ मध्ये करार होऊन लडाखमधील पुगा खोऱ्यात अशा विजेसाठी कूपनलिका खणण्याचे काम हाती घेण्यात आले. तेव्हा या समजाची शहानिशा वेळीच व्हावयास हवी.

या विजेचे गुण निर्विवाद आहेत. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर पाच दिवे उजळले आणि १९१३ मध्ये २५० किलोवॉटचे वीजघर सुरू झाले. तेथे आजही वीज निर्माण होते. सूर्य मावळो की वारा पडो, असे वीजघर अहोरात्र चालते. वाफेतील उष्णतेपैकी सरासरी आठवा हिस्साच विजेत उतरतो हे खरे; परंतु त्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही.

तथापि, धुराडे नाही म्हणून वायूही नाही, असे मात्र नव्हे. वाफेबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड आणि दुर्गंधी हायड्रोजन सल्फाइड वर येतात. कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे १,००० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. भूगर्भीय विजेची जागतिक सरासरी २००२ च्या पाहणीत सुमारे १२० ग्रॅम भरली. पण सरासरी फसवी असते. तुर्कस्तानच्या मेंडेरेस खोऱ्यात संगमरवर व चुनखडीचे थर आहेत. तेथील काही वीजघरांनी आरंभी कोळशाशीही बरोबरी केली!

उलट आइसलँडमधील ३०३ मेगावॉटच्या हेल्लिशेइदी येथे हे वायू पाण्यात विरघळवून बसाल्ट खडकात सोडतात. तेथे दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइडचा दगड झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र तेथेच २०११ मध्ये पाणी परत भूगर्भात सोडताना भूकंपाचे धक्के बसले होते.

पुग्याचा खडक बसाल्ट नव्हे; म्हणून आइसलँडचा उपाय तेथे जसाच्या तसा लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय तेथील ओढा सिंधूस मिळतो आणि त्या कुरणांवर चांगपा मेंढपाळांचे कळप जगतात. म्हणून प्रत्येक कूपनलिकेतील वायूंचे मोजमाप वीजनिर्मितीपूर्वीच व्हावे, वापरलेले पाणी पुन्हा जमिनीखालीच जावे आणि युनिटमागे उत्सर्जन किती, हा आकडा दरवर्षी जनतेपुढे यावा, अशी आमची मागणी आहे. निर्मळपणा नावाने ठरत नसतो. तो मोजून सिद्ध करावा लागतो.